गाण्यात लिहिलेला पत्ता

यंदाच्या दिवाळीत धाकटा मुलगा पुण्याहून आला तो गिटार घेऊनच. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घर जरा निवांत झालं, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, एक म्हातारा ऐकवतो तुम्हाला. गडबड करू नका, शेवटपर्यंत ऐका." आमच्या घरात गाणं शेवटपर्यंत न ऐकता मध्येच बोलायची वाईट सवय माझी, म्हणून ही ताकीद.

म्हाताऱ्याचं नाव मिसिसिपी जॉन हर्ट. अमेरिकेच्या दक्षिणेतला कृष्णवर्णीय शेतमजूर. लोकगीतं आणि ब्लूज गाणारा. १५ एप्रिल १९६५ रोजी ओहायो राज्यातल्या ओबर्लिन कॉलेजात विद्यार्थ्यांपुढे त्याचा कार्यक्रम झाला, तो तसाच्या तसा ध्वनिमुद्रित केलेला होता. पुढे १९७० साली तो दोन तबकड्यांच्या संचात निघाला. कंपनीनं वर नाव दिलं 'द बेस्ट ऑफ'. नावावरून वाटावं की निवडक गाण्यांचा संग्रह असेल. प्रत्यक्षात ती एका बैठकीची जिवंत नोंद आहे.

ब्लूज म्हणजे आरडाओरडा असेल अशी माझी समजूत. इथे तर एखादे आजोबा ओसरीवर बसून नातवंडांना काही सांगत असावेत असा आवाज. उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारांवर संथपणे ये-जा करतोय आणि त्याच वेळी बाकीची बोटं वरच्या तारांवर गाण्याची चाल वाजवताहेत. मला वाटलं, दोन माणसं वाजवताहेत. मुलगा हसला. म्हणाला, "सगळ्यांना तसंच वाटतं. एकच आहे." अंगठ्याचं ते काम आपल्याकडे तुणतुणं करतं. गाणं कुठेही फिरून आलं तरी पाय टेकायला जमीन असावी लागते, ती.

पण मला खरं धरून ठेवलं ते गाण्यांच्या मधल्या जागांनी. म्हातारा काहीतरी पुटपुटतो, पोरं हसतात. टाळ्या वाजतात. या टाळ्या वाजवणारी पोरं आज ऐंशीच्या घरात असतील, कित्येक गेलीही असतील. त्या दुपारी माझ्या बैठकीच्या खोलीत मात्र ती वीस वर्षांची होती.

मग मुलानं या माणसाची गोष्ट सांगितली. १९२८ साली एका कंपनीनं त्याची काही गाणी मुद्रित केली, आधी मेम्फिसला आणि मग न्यूयॉर्कला. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं बसत. तबकड्या फारशा खपल्या नाहीत, पाठोपाठ मंदी आली, आणि जॉन हर्ट आपल्या गावी शेतावर परतला. पुढची पस्तीस वर्षं त्याचं नाव जुन्या तबकड्या जमवणाऱ्या मोजक्या शौकिनांना तेवढं ठाऊक होतं. त्या तबकड्यांमध्ये न्यूयॉर्कला गायलेलं एक गाणं होतं, 'ॲव्हलॉन ब्लूज'. परक्या शहरात बसून त्यानं आपल्या गावाचं नाव गाण्यात घातलं होतं. वॉशिंग्टनच्या टॉम हॉस्किन्स या तरुण शौकिनानं ते ऐकलं. मिसिसिपी राज्याच्या नव्या नकाशांत ॲव्हलॉन सापडेना. एकोणिसाव्या शतकातल्या एका ॲटलासमध्ये ते सापडलं. १९६३ साली हा पठ्ठ्या जवळपास हजार मैल जाऊन तिथे पोचला, आणि गाणारा माणूस जिवंत होता! गुरं राखत होता. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो हजारो लोकांपुढे गायला. नोव्हेंबर १९६६ मध्ये वारला. म्हणजे उण्यापुऱ्या तीन-साडेतीन वर्षांचा तो दुसरा जन्म. तोही गाण्यात एक पत्ता लिहून ठेवला होता म्हणून, आणि तो वाचणारं कुणी भेटलं म्हणून.

मुलगा गोष्ट सांगून मोकळा झाला. मी मात्र गप्प बसलो. कारण मलाही एकदा असाच पत्ता मिळाला होता. आणि तो हजार मैलांवरचा नव्हता.

१९८७ सालचा जून महिना. मी तेव्हा सिन्नर तालुक्यातल्या एका बँक शाखेत अधिकारी होतो. संगणक यायचे होते. सहामाही क्लोजिंग म्हणजे लेजरांचे ढीग, व्याजाची आकडेमोड आणि बॅलन्स जुळेपर्यंत जागरण. तीस जूनच्या त्या रात्री बाहेर पावसाची रिपरिप आणि आत सेव्हिंग्जच्या लेजरात काही पैशांचा फरक. शाखेतले शिपाई, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, चहाची किटली ठेवून म्हणाले, "साहेब, झोप येऊ नये म्हणून गाणी लावू का?" त्यांनी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला. कॅसेटवर निळ्या बॉलपेननं लिहिलं होतं, 'जयंती ८७'.

एप्रिल महिन्यात मामांच्या गावी आंबेडकर जयंतीला गायन पार्टी आली होती. मामांनी मंचाच्या कडेला टेपरेकॉर्डर ठेवून सबंध रात्र दोन-तीन कॅसेटांवर उतरवली होती. ढोलकी, पेटी, बेंजो आणि खड्या आवाजाचे गायक. मधूनच कुणी अकरा रुपये बक्षीस देतं, त्याचं नाव पुकारलं जातं. मधूनच निवेदक सांगतो, पिवळा सदरा घातलेला पोरगा सापडलाय, ज्याचा असेल त्यानं स्टेजपाशी यावं. कुत्रं भुंकतं. वन्स मोअर होतो. आम्ही चौघं-पाचजण आकडे मारता मारता हसत होतो.

दुसऱ्या बाजूला एक गाणं ऐन रंगात असताना गावातली लाइट गेली. लाउडस्पीकर बंद. टेपरेकॉर्डर मात्र सेलवर चालत होता. क्षणभर शिट्ट्या, कल्ला. पण ढोलकी थांबली नाही. गायकाचा आवाज आता दुरून, उघड्या गळ्याचा आला. मग पुढे बसलेल्या बायांनी ध्रुपद उचललं. त्यांच्यामागून पुरुषांनी. आणि बघता बघता सबंध गाव गाऊ लागलं. चार-पाच मिनिटं तरी ते चाललं असेल. मग लाइट आली, स्पीकर किंचाळला, हशा पिकला आणि गायकानं शेवटचं कडवं माइकवरून घेतलं. त्या कडव्यात कवीचं नाव आलं. वामन.

फरक शोधायचा सोडून मी पेन खाली ठेवलं होतं. विचारलं, "मामा, हा वामन कोण?"

मामांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. म्हणाले, "साहेब, तुम्ही नाशिकचेच ना?" आणि मग, आवाजात जराही टोमणा न आणता, "वामनदादा कर्डक. देशवंडीचे. ह्याच तालुक्यातले हायेत."

मी नाशिकला जन्मलो, वाढलो, मराठी विषय घेऊन बी. ए. झालो. तेव्हा एक कादंबरीही माझ्या नावावर होती. आणि तालुक्याच्या गावी बसून मी विचारत होतो, वामन कोण! अर्थात यात माझ्या एकट्याच्या अज्ञानाचा भाग थोडा. आमच्या आळीत भावगीतं होती, नाट्यगीतं होती, रेडिओवरचा सुगम संगीताचा कार्यक्रम होता. गावाच्या दुसऱ्या टोकाला रात्रभर चालणारं गाणं लाउडस्पीकरवरून आमच्या खिडकीपर्यंत येत होतं. आमच्या घरात तेव्हा खिडकी लावून घेत. एवढंच. कुणी वाईट बोलत नसे, फक्त खिडकी लावत.

त्या बंद खिडकीबाहेर काय काय होऊन गेलं होतं, ते मला पुढे वाचून कळलं. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, हे आपण नाशिककर जाणतो. दादासाहेब गायकवाडांचं नाव जाणतो. पण त्याच काळात नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा उभा केला, हे किती जणांना ठाऊक असेल? तमाशाचाच घाट, तीच ढोलकी, तेच तुणतुणं. पण त्यातून गावोगाव सांगितलं जाई ते शिक्षण, स्वच्छता, स्वाभिमान. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्यांचं ते वर्तमानपत्र होतं. भीमरावांनी त्याचा इतिहास 'आंबेडकरी जलसे' या पुस्तकात लिहून ठेवला आहे.

वामनदादा त्यांच्या नंतरच्या पिढीचे. आडनाव एक, माणसं दोन. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. बालपणी शाळा लाभली नाही. पोटासाठी मुंबईला गेले, मजुरी केली आणि अक्षरओळख झाली ती मोठेपणी. १९४३ साली पहिलं गाणं रचलं. त्यानंतर साठ वर्षं हा माणूस गाणी लिहीत आणि गात महाराष्ट्रभर हिंडला. 'वाटचाल' हा त्यांचा संग्रह १९७३ साली निघाला, 'मोहळ' १९७६ साली. पण त्यांच्या गाण्यांची संख्या हजारांत सांगितली जाते. पुस्तकात मावतील इतकी ती नाहीतच. ती लोकांच्या तोंडी आहेत, गायन पार्ट्यांच्या वह्यांत आहेत. शेवटच्या कडव्यात 'वामन' आला की गावातल्या माणसाला कळतं, हे आपल्या दादाचं. तुकोबांच्या अभंगातली 'तुका म्हणे'ची मुद्रा आपल्याला जशी कळते, तशी.

म्हणजे जॉन हर्टनं गाण्यात गावाचं नाव लिहिलं, वामनदादांनी स्वतःचं. दोन्ही पत्तेच. फरक ऐकणाऱ्यात पडला. तिकडचा तरुण जुने नकाशे उलगडून हजार मैल गेला. मी त्याच तालुक्यात नोकरी करत होतो, हाताशी मोटारसायकल होती, आणि गेलो नाही. क्लोजिंग संपलं की जाऊ, पाऊस उघडला की जाऊ. दादा गावात असतीलच असं नव्हतं, ते सतत फिरतीवर. पण मी चौकशीसुद्धा केली नाही. पुढे माझी बदली झाली. १५ मे २००४ रोजी वामनदादा नाशिकमध्ये वारले, ते मी वर्तमानपत्रात वाचलं. एकाच शहरातून दोघांचा वावर, आणि मी त्यांना एकदाही समोर बसून ऐकलं नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण खरं सांगायचं तर सगळंच सांगायला हवं.

त्या क्लोजिंगनंतरच्या रविवारी मी ती कॅसेट मामांकडून मागून घरी आणली. म्हटलं, निवांत ऐकू. घरी आमचा धाकटा नुकता बोलू लागला होता. 'आई', 'काऊ', 'दे' असे शब्द. बायको म्हणाली, याचा आवाज टेप करून ठेवा ना. कोरी कॅसेट घरात नव्हती. मला वाटलं, मामांच्या कॅसेटची दुसरी बाजू शेवटाला कोरीच आहे, तिथे करू. टेप कुठे आहे ते नीट न पाहता मी प्ले आणि रेकॉर्ड ही दोन्ही बटणं एकदम दाबली. दुसरी बाजू अगदी सुरुवातीला होती. वीस मिनिटं आमचा पोरगा बडबडला आणि त्याखाली ती लाइट गेलेली रात्र, त्या बाया, ते सबंध गाव पुसलं गेलं.

सोमवारी मामांना सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटेना. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसानं दुसऱ्याची ठेव अशी खर्ची टाकावी! मामा ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "जाऊ द्या साहेब. तुमचं पोरगं बोलाया लागलं, ही काय वाईट गोष्ट हाये?" मी नवी कॅसेट आणून दिली ती त्यांनी घेतली. जुनी मात्र परत घेतली नाही. "तुमच्याकडंच राहू द्या. पोराचा आवाज हाये त्यात."

त्या क्षमेचं ओझं मी गेली सदतीस-अडतीस वर्षं बाळगून आहे. रागावले असते तर फिटून गेलं असतं.

जॉन हर्टची गोष्ट ऐकल्यावर मी माळ्यावरून ती कॅसेट काढली आणि मुलाला हे सगळं सांगितलं. त्यानं कुठूनसा चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर मिळवला आणि दोन्ही बाजू संगणकावर उतरवून घेतल्या. पहिली बाजू शाबूत आहे. थोडी घरघर आहे, पण बक्षिसं आहेत, हरवलेलं पोरगं आहे, कुत्रं आहे. दुसऱ्या बाजूला वीस मिनिटं माझ्या मुलाचं बालपण आहे. मग 'खट्' असा आवाज होतो आणि एकाएकी ढोलकी, शेवटच्या कडव्याची शेवटची ओळ, 'वामन' हे नाव, आणि टाळ्या. सबंध गाण्यातला एवढाच तुकडा वाचला. सही राहिली, पत्र गेलं. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. स्वतःच्या बोबड्या बोलांखाली काय दबलंय हे कळल्यावर माणूस काय बोलणार?

कुणी म्हणेल, गाणं तर संग्रहात छापलेलं असेल, गेलं काय? शब्द नाहीतच गेले. एवढ्याशा तुकड्यावरूनही जाणकार ते गाणं ओळखून देतील. गेलं ते त्या गावानं अंधारात ते गाणं कसं उचललं, ते. पुस्तक गाणं सांभाळतं, स्टुडिओ गायकाचा गळा सांभाळतो. ऐकणारी माणसं सांभाळली जातात ती फक्त अशा जिवंत मुद्रणात. कुठल्या शब्दाला टाळी पडली, कुठल्या ओळीला बाया गहिवरल्या, कुठे हशा आला, कुणी पोटाला चिमटा काढून अकरा रुपये दिले, हे कुठल्या संग्रहात छापून येणार? आणि ज्या समाजाला शतकानुशतकं लिहिण्या-वाचण्यापासून लांब ठेवलं, त्याच्या इतिहासाची कागदपत्रं असतात ती अशीच, साठ मिनिटांच्या फितीवर.

ही कागदपत्रं आता जीर्ण झाली आहेत. कॅसेट १९६३ साली फिलिप्सनं आणली, आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ती खेडोपाडी पोचली. म्हणजे आपल्या घराघरांतल्या कॅसेटा आज तीस-चाळीस वर्षांच्या आहेत. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर लोहाच्या भुकटीचा थर, ही तिची सगळी पुंजी. दमटपणानं बुरशी धरते, थर सुटू लागतो, पट्टी चिकटते. आणि कॅसेट धडधाकट असली तरी ती वाजवणारं यंत्र कुठे आहे? दुरुस्त करणारे कारागीरही आता शोधावे लागतात.

म्हणून या रविवारी माझी एक विनंती आहे. माळ्यावरची, ट्रंकेतली ती पिशवी उतरवा. भजनी मंडळाचा सप्ता असेल, गोंधळ असेल, लग्नातली जात्यावरची गाणी असतील, जयंतीची रात्र असेल. पहिलं काम, कॅसेटच्या पाठीच्या कडेवर दोन टोकांना प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे असतात ते मोडून टाका. मग तिच्यावर चुकून दुसरं काही मुद्रित होणार नाही. हे तुकडे मोडायचे असतात हे मला १९८७ साली ठाऊक असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. दुसरं, जुनाट यंत्रात एकदम वाजवू नका. यंत्र साफ करून, आधी टाकाऊ कॅसेट लावून पाहा. तिसरं, घरातल्या कुणा मुला-मुलीकडून ती संगणकावर उतरवून घ्या आणि सोबत कागदावर लिहा, गाव कोणतं, साल कोणतं, गाणारे कोण, पेटीवर कोण. हे सांगणारी माणसं आहेत तोवरच लिहून होईल.

आणि एक प्रत गावाच्या वाचनालयाला द्यावी. आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून पुस्तकं सांभाळत आलं आहे. अशा जुन्या संस्थांनी आणि तालुक्या-तालुक्यांतल्या वाचनालयांनी आवाजांसाठीही एक कपाट ठेवावं. फक्त एक पथ्य पाळावं. या ठेवी ज्यांच्या आहेत त्यांना विचारल्याशिवाय, त्यांच्या नावाची नोंद केल्याशिवाय घेऊ नयेत. मागून नेलेली वस्तू आपलीच समजणाऱ्या माणसाचं काय होतं, ते वर सांगितलंच आहे.

मामा काही वर्षांपूर्वी गेले. त्यांची मुलगी नाशिकरोडला राहते, शिक्षिका आहे. दिवाळी संपल्यावर मी आणि मुलगा पहिल्या बाजूची प्रत आणि मूळ कॅसेट घेऊन तिच्याकडे गेलो. जे झालं ते सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, बाबांनी कधी बोलून नाही दाखवलं. मग आम्ही सगळे ऐकायला बसलो. दुसरं गाणं चालू असताना टेपच्या अगदी जवळ कुणीतरी खोकलं. मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं; मुलानं तर तो आवाज काढून टाकता येईल असंही सुचवलं होतं. तिनं हात वर करून आम्हाला थांबवलं. टेप मागे घ्यायला लावला. पुन्हा ऐकलं.

"बाबा," ती म्हणाली. "हा बाबांचा खोकला आहे."

रेकॉर्डर सांभाळत मंचाच्या कडेला रात्रभर तेच तर बसले होते.